तिसरं टेबल

सांतो दोमिंगोच्या कमानीखालचं तिसरं टेबल एलेउतेरिओचं.
चाळीस वर्षं परक्यांची प्रेमं, अर्ज, माफीनामे
टाइप करून दिले त्यानं. एक कळ अजून
नखानं उचलावी लागते.

आताशा गिऱ्हाईक फोनमध्येच मजकूर आणतं,
कुठेही न अडखळणारा.
त्याला बोट लावायला जागाच नसते.

आज एर्मेलिंदा आली ती उलटं काम घेऊन.
शिकागोहून लेकाचं पत्र, तीन पानी,
त्यात मावळती, ऋण, ‘तुझ्या मायेची अथांग सावली’.
“माझा उबाल्दो असं बोलत नाही.
हॉटेलात भांडी घासतो तो.
यातला तो कुठला, तेवढा काढून द्या.”

एलेउतेरिओनं तांबडी पेन्सिल घेतली.
मावळती गेली. ऋण गेलं.
सावलीपाशी जरा घुटमळला,
बरी जमली होती, त्याला नसती सुचली,
मग तीही गेली.

तिसऱ्या पानाच्या तळाशी उरलं:
गुडघा कसाय? पिंता अंड्यांवर बसली का?

बाई हसली. मग हसू आवरून म्हणाली,
“की हेसुद्धा त्या यंत्रानंच?”
“कोंबडीचं नाव यंत्राला कोण सांगणार?”
म्हणाला खरा,
पण कागद पुन्हा उजेडात धरून पाहिला.

उत्तरासाठी कोरं पान चढवलं.
“गुडघा दुखतो,” ती म्हणाली.
“पुढे?”
“पुढे काय? दुखतो.”

पैसे त्यानं अख्ख्या पानाचे घेतले.