पाच वर्षांचा आराखडा

तार्तूत मार्च म्हणजे नदीवरचा करडा बर्फ.
त्याच्यावर आता कोणी चालत नाही
आणि तो अजून हलायला तयार नाही.
संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण,
काळा पाव, खारवलेले मासे, निवलेली कॉफी,
आणि भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या:
पुढची पाच वर्षं.

आमचं सॉफ्टवेअर एवढंच करतं:
पदार्थात एक कण सोडतं आणि विचारतं, आता कुठं?
आपटला, वळला, विझला,
की दुसऱ्याला जन्म देऊन गेला?
मग तेच पुन्हा, दहा कोटी वेळा.
दहा कोटी कणांचं भवितव्य आम्ही एका रात्रीत काढतो.
नऊ माणसांचं मात्र
मंगळवारपासून अडलंय.

काइदो म्हणतो, सगळं ग्राफिक्स कार्डांवर न्या.
मारित म्हणते, आधी चाचण्या लिहा,
पाया ओला असताना माडी कसली चढवता?
त्रीनू, सगळ्यांत धाकटी, मान खाली घालून
काय काय काढून टाकता येईल त्याची यादी करते.
खुरपणीत तिचा हात बसलाय.

यादीत बारावं: कोबाल्टचा भाग.
हेल्दुरनं लिहिलेला, त्र्याण्णव साली.
अकराशे ओळी, आणि मध्येच एक टीप:
'इथं दोननं का भागायचं ते मला कळलेलं नाही.
न भागल्यास उत्तर चुकतं. हात लावू नये.'
हेल्दुर जाऊन सहा वर्षं झाली.
कोणी हात लावलेला नाही.

'पण कोबाल्टची यंत्रं आता आहेत कुठं?'
त्रीनूचा प्रश्न रास्त होता.
मी चिठ्ठी काढली, चुरगाळली,
तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला,
ओठांच्या अर्धा सेकंद मागून:
'आमच्याकडे.'

अपियो. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एका रुग्णालयात
किरणांचं मोजमाप बघते.
तीन दिवस नुसती ऐकत होती,
आम्हाला वाटलं, लाइन गेली असेल.
तिनं तक्रार केली नाही. आकडे सांगितले.
यंत्र एक. रोजचे रुग्ण चाळीस.
स्रोत महिन्याला टक्काभर मंदावतो,
म्हणून दर महिन्याला ती हेल्दुरच्या ओळी चालवते
आणि प्रत्येकाच्या वेळेत थोडी भर घालते,
म्हातारं माणूस तेवढ्याच वाटेसाठी
घरून जरा लवकर निघतं, तशी.
'पाच वर्षं आणि तीन महिने,' ती म्हणाली,
'एवढ्यात तो निम्मा होतो.
तुमच्या भिंतीवरही पाचच लिहिलंय ना?'

हीटर तेवढा टिकटिकत राहिला.
आम्ही पाच वर्षं धरली होती चढती:
वेग दुप्पट, वापरणारे दुप्पट.
तिच्याकडे त्याच पाच वर्षांत
दोन मिनिटांची चार होतात
आणि रांगेतले शेवटचे काही जण
संध्याकाळच्या बसला मुकतात.

चिठ्ठी उलगडली. डिंक गेला होता, टाचणीनं लावली.
तिच्यापुढचा रकाना: जबाबदारी कोणाची?
सगळ्यांनी आपापल्या कॉफीत पाहिलं.
मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत;
कोबाल्टच्या हिशोबात, एक तृतीयांश विझणं.
मी नाव लिहिलं.
त्रीनूनं पेन ओढून घेतलं आणि खाली तिचं,
जरा बारीक अक्षरात.

जेवणानंतर खोली रिकामी झाली, अपियो राहिली.
मी हेल्दुरची फाइल उघडून म्हटलं,
आता हे दोनचं कोडं तेवढं सोडवायला हवं.
ती म्हणाली, 'ते? अर्धे कण मागे जातात, शिशात.
तुम्ही सगळ्या दिशा मोजता,
रुग्ण एकाच बाजूला झोपलेला असतो.'
कधी कळलं तुला?
'चार वर्षं झाली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार.'

टीप पुसली नाही.
तिच्याखाली एक ओळ जोडली,
आणि नावाचं स्पेलिंग
तिलाच विचारून घेतलं.