निळी ट्रॉलीबॅग

गणपती पेठेतून आणली, त्याला चार वर्षं झाली.
चाकांवरचं प्लास्टिक त्रिशलानं काढूच दिलं नाही.
"जाताना काढू."

पहिल्या वर्षी कुपवाडच्या फौंड्रीत ऑर्डर वाढली.
मगदूम सुपरवायझर म्हणाले, जा की,
पण बिनपगारी.
मग थोरलीची अकरावी, क्लासची फी.
तिसऱ्या वर्षी तिकीटसुद्धा काढलं:
वेटिंग एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस.
चार्ट लागला तेव्हा एकोणीसवर अडकलेलो.
प्रवासाचा चिवडा घरीच संपवला दोन दिवस,
गाडीत बसल्यासारखे
समोरासमोर.

केरळ अजून हिशेबाच्या वहीत आहे.
हॉटेल, पुढं प्रश्नचिन्ह.
हाऊसबोट, खोडलेली.
खाली त्याच पानावर गॅस, दूध, स्कूटरचा विमा.

बॅगेत आता रजया ठेवतो.

परवा आईला मिरजेला ॲडमिट केलं.
रजया पलंगावर ओतून
तीच बॅग घाईनं भरली: टॉवेल, थर्मास, जुने रिपोर्ट.
दवाखान्याच्या लांबलचक फरशीवर
चाकं पहिल्यांदाच फिरली,
प्लास्टिक चरचरत.
लोक वळून बघायला लागले.

लिफ्टपाशी त्रिशला थांबली,
खाली बसली,
आणि नखानं सोलू लागली
एकेक चाक.