आवाज : इतर

क्वीन्समध्ये, रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरच्या एका लाँड्रीच्या तळघरात
एकोणऐंशीच्या हिवाळ्यात
मी अकरा बायका झाले, दोन पोरं,
आणि एक म्हातारा भिक्षू,
कारण त्याचा आवाज देणारा गृहस्थ
बर्फात अडकला होता.

सिनेमाचं नाव विचारू नका.
पोस्टरवर एक होतं, डब्यावर दुसरं,
आणि पैसे बुडवून पळालेला वितरक
तिसरंच काहीतरी म्हणायचा.

वाक्याला पंधरा सेंट, किंकाळीला पंचवीस.
मी किंकाळ्या वाढवून घ्यायची.
लाथ बसली की एक, पडताना एक,
पडून झाल्यावर
आठवण आल्यासारखी आणखी एक.

पाल्मिएरी कोबी फोडायचा : डोकं.
सेलरीची जुडी पिरगळायचा : मान.
ओला टॉवेल भिंतीवर हाणायचा : थोबाड.
काम संपलं की कोबी मी घरी न्यायची.
शत्रूंच्या डोक्यांची भाजी,
हरभऱ्याची डाळ घालून, आठवड्यातून चारदा.
नवरा म्हणायचा, आज मीठ बरोबर पडलंय.
त्याला वाटायचं, मी टायपिंग शिकते.

पडद्यावर ती बांबूच्या बनात उभी.
तिचे ओठ लांबलचक काहीतरी बोलायचे
आणि माझ्या कागदावर एवढंच : "नाही."
कधी ती नुसतं हुंकारायची,
तर त्यात कोंबायचं,
"माझ्या भावाच्या, गुरूच्या आणि गाढवाच्या मृत्यूचा सूड!"
तिचं तोंड मिटलं तरी मी आपली बोलतेच आहे.

मला ते जड गेलं नाही.
बँकेच्या खिडकीपाशी, घरमालकिणीपुढे
दिवसभर माझं असंच चाललेलं असायचं.
आधी ओठ हलायचे.
आवाज मागाहून यायचा, दुसऱ्याच कुणाचा.

(वर मशिनं फिरत असायची.
मठातल्या ध्यानाच्या प्रसंगी नीट कान द्या,
कुणाच्या तरी चादरी पिळल्या जाताहेत.)

मग शेवटची मारामारी. सात मिनिटं.
खलनायकाची दाढी एका बाजूने सुटलेली,
मनगटावर घड्याळ.
तारेला टांगून उडवलेला एक माणूस
खांबावर आपटून परत येतो, तेही ठेवलेलं.
तिच्या पोटात लाथ बसते.
कागदावर होतं "आह",
आणि त्याच क्षणी घडीच्या खुर्चीत
माझं बोट चिमटलं.
"अगं आई गं!"

पाल्मिएरीने टेप थांबवली.
ड्वेन, दिवसा टपाल वाटायचा, रात्री खलनायक,
माझ्या बोटाकडे बघत राहिला.
परत घेऊ, मी म्हटलं.
परत घ्यायला टेप शिल्लक नव्हती.
राहू दे, पाल्मिएरी म्हणाला, कुणाला कळतंय.
सबंध सिनेमात
तेवढंच एक खरं दुखलेलं.

परवा ॲस्टोरियात लावला होता, रात्री अकराला,
जगातला सगळ्यात भिकार मारामारीपट म्हणून.
दोनशे पोरंपोरी. घड्याळ दिसलं की टाळ्या,
दाढीला शिट्ट्या, गाढवाच्या नावाने दोन मिनिटं स्तब्धता.
मी मागच्या रांगेत, गुडघ्यांवर कोट घेऊन.
हसले. खरंच वाईट आहे हो.
ड्वेन असता तर खुर्चीतून पडला असता.

लाथ यायच्या आधी सगळे उभे राहिले.
का, ते मला कळेना.
लाथ बसली
आणि दोनशे गळ्यांतून एकदम,
छताला धक्का लागेल असं,
"आगाऽऽयी गा!"

शेजारची मुलगी, केस निळे, नाकात कडी,
माझ्याकडे वाकून म्हणाली,
हा तिच्या पंथाचा गुप्त मंत्र आहे,
मरताना एकदाच उच्चारायचा असतो.
असं का, मी म्हटलं,
आणि हळूच म्हणून पाहिलं, माझ्या पद्धतीने.

तिने मान हलवली.
जवळपास आलं, म्हणाली,
पण तुमचा शेवटचा "ग" चुकतोय.