त्याच खोक्यातली

शनिवारी दोनला प्लँट सुटतो,
एमआयडीसीच्या रस्त्यावर कुत्री आडवी होतात,
तेव्हा लॅबच्या मागच्या दाराने ही दोघं आली:
यासीन शिकलगार आणि गार्गी लोखंडे.
आडनावं ऐकून वॉचमन म्हणाला, मॅडम, भंगारवाले आलेत.

पिशवीत सहा कॅराबिनर
आणि कॅमची जोडी. दाबला की मिटतो, सोडला की फुलतो,
कातळाच्या भेगेत बसवायचा
आणि खुशाल त्याच्यावर जीव टाकायचा, म्हणे.
चांगल्या कंपनीचा एक सात हजाराला.
हे अडीच हजारात दोन, घरपोच.
"मॅडम, घ्यावेत का?"

घेऊन झाल्यावर विचारतात.
मीही स्कूटर घेतल्यावरच मायलेज विचारलं होतं.

माझं काम ओढण्याचं.
एकोणीस वर्षं ओढतेय: ट्रॅक्टरच्या पिना,
पाट्याच्या स्प्रिंगा, साखर कारखान्याच्या साखळीचे दुवे.
मशीनला दोन जबडे, वस्तू मध्ये.
आकडा चढतो, वस्तू तुटते, आकडा थांबतो.
थांबलेला आकडा वहीत लिहायचा, खाली सही.

कडीच्या पाठीवर कोरलंय: २२ किलोन्यूटन.
मी सांगितलं, म्हणजे उसाने भरलेली गाडी,
बैल सोडून,
या एवढ्याशा कडीला टांगलेली.

पहिली लावली.
बारा. सोळा. एकोणीस.
तेवीस पूर्णांक चारला ठाण्‌कन गेली
आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या.
तुटण्याला टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या.
"बघा! लोक उगाच ब्रँड ब्रँड करतात."

दुसरी लावली. त्याच खोक्यातली, त्याच निळ्या रंगाची,
तोच आकडा तितक्याच सुबक अक्षरात.
सात. आठ.
नऊला गेली. आवाजसुद्धा धड नाही,
भुईमुगाची शेंग फुटावी तेवढा.
नऊ म्हणजे दोन म्हशी, त्यातली एक गाभण.
तुटल्या तोंडात ज्वारीएवढी पोकळी,
ओतताना अडकलेली हवा,
कुठल्या गावच्या कुठल्या दुपारची कोण जाणे.

बराच वेळ फक्त पंखा बोलत होता.

"मग उरलेल्या चार?" गार्गी म्हणाली.

पोरी, इथे माझं मशीन हात टेकतं.
ओढली तर कळेल, पण कळेल तेव्हा कडी उरणार नाही.
नाही ओढली तर उरेल,
आणि यवतेश्वरच्या कातळावर, साठ फुटांवर,
आपली आपण ठरवेल ती कुठली होती ते.
जी पक्की होती ती पहिलीच.
ती मी तोडली.

महागाच्या किमतीत काय असतं, यासीनने विचारलं.
असेल एखादी माझ्यासारखी, दूर कुठे,
डबा खाऊन हात पुसून बसलेली,
दर खोक्यातल्या चार तोडणारी,
वाईट निघाली तर अख्खं खोकं परत धाडणारी.
सात हजारांतले तिला किती मिळतात माहीत नाही.
फार नसावेत.

पण माझ्या तोंडून "घेऊ नका" निघेना.
याच्या वडिलांची धार लावायची सायकल मोती चौकात उभी असते,
हिची फी अजून दोन हप्ते बाकी.
कड्याला तिकीट नाही, म्हणून तर ती तिथे जातात.
पडायलाही तिकीट नाही.

यासीनने त्या चार घरी नेल्या.
वडिलांनी एकेक दोऱ्याला टांगली, पान्ह्याने वाजवली,
कान लावला, आणि म्हणाले,
बोलतात सगळ्या.
बोलतं ते सगळं खरं असतंच असं नाही.

आता त्यांच्यावर लाल नेलपॉलिशची फुली आहे.
पाण्याच्या बाटल्या, बूट, केळ्यांची पिशवी
एवढंच त्यांना टांगतात.
कॅमचं काय केलं मी विचारलं नाही.
साताऱ्यातल्या कुणा निवृत्त फौजदाराकडून
जुनी पण खरी दोन मागून आणलीत असं ऐकते.
दोनात जेवढं चढता येतं तेवढंच चढतात,
अर्ध्या कड्यावरून उतरतात, चिडचिड करत.

तेवीस पूर्णांक चारवाली माझ्या टेबलावर आहे.
काल घाईत तिच्यात कपाटाच्या किल्ल्या अडकवायला गेले.
किल्ल्या खाली पडल्या.