उद्देश थोडक्यात लिहा

आरटीओच्या कुंपणाला लागून माझं टेबल.
एक छत्री, एक झेरॉक्स मशीन,
आणि दर तिसऱ्या कागदाला अडकणारा स्टेपलर.
पाटीवर लिहिलंय: अर्ज भरून मिळतील. उधारी नाही.

जहीर शिकलगार पहिल्यांदा आला
तेव्हा त्याच्या पाठीवर गुळाचा रवा नव्हता,
पण उजवा खांदा झुकलेलाच.
मार्केट यार्डात हमाली, सात वर्षं.
म्हणाला, ताई, गाड्या भरून भरून दमलो,
आता चालवून बघतो म्हणतोय.

हेवीच्या ट्रेनिंगची फी अठरा हजार,
मेडिकल, लायसन, जाणंयेणं धरून बावीस.
महामंडळाचं अनुदान निम्मं.
ते मिळणार, ट्रेनिंग संपल्याचा दाखला जोडला की.
दाखला मिळणार, फी पूर्ण भरली की.
मी दोनदा वाचून दाखवलं.
तो हसला,
म्हणजे बंद ट्रक ढकलायचा,
आणि ढकलणाऱ्यानं आत बसायचं.

म्हटलं, मग कर्ज.

रकाना सात: कर्जाचा उद्देश थोडक्यात लिहा.
जागा दीड बोट.
तो सांगत बसला, आज्जा सायकलवर चाक बांधून
गावोगाव सुऱ्या-विळ्यांना धार लावायचा,
गगनबावड्यापर्यंत जायचा,
अब्बांनी ते चाक भंगारात घातलं,
मला पण चाकंच पायजेत ताई, पण दहा.
मी लिहिलं: जड वाहन चालक प्रशिक्षण.
मावलं.

रकाना अकरा: जामीनदार, दोन. पगारदार.
यार्डात पगारदार कोण?
मुकादम म्हणाला, दिवाळी होऊंदे.
एसटीतले मामू फोन उचलेनात.
शेवटी एक मिळाला शिरोलीच्या फौंड्रीतला फिटर,
नारायण चौगुले,
ज्याचा खांदा जहीरनंच तालमीत निखळवला होता.
सही करताना म्हणाला,
हप्ता चुकला तर तुझा खांदा माझा.

दुसरी ओळ तीन आठवडे कोरी.
चौथ्या आठवड्यात मी
आमच्या ह्यांची पगाराची स्लिप घेऊन आले.
का आणली ते घरी धड सांगता आलं नाही.
इथंही सांगत नाही.

कर्ज आलं चौदा.
आठ आईच्या बचत गटानं दिले, शेकडा दोननं,
आणि वर बायकांनी बजावलं, गाडी बारीक चालव.

शियेच्या माळावर पहिल्या दिवशी
ट्रक अकरा वेळा बंद पडला.
मास्तर ओरडला, पोतं आपटल्यागत क्लच सोडतोस होय रं?
ठेव. अलगद ठेव.
हे जहीरनंच सांगितलं, ओठ दाबून हसत,
सात वर्षांत कुणी
ठेव म्हणालं नव्हतं त्याला.

आता दीड वर्ष झालं.
फौंड्रीचा माल घेऊन हुबळीला जातो.
हप्ता पाच तारखेला, एकदाच सहाला गेला,
आणि नारायणनं त्या एका दिवसात तीन फोन केले.

अनुदान प्रक्रियेत आहे.
आधी फाईल तिसऱ्या टेबलावर,
मग साहेब रजेवर,
मग त्रुटी: दाखल्यावरचा शिक्का पुसट.
नवा शिक्का मारून आणला,
तर टेबलं बदलली.
निपाणी सोडली की त्याचा फोन येतो,
ढाब्यावर कपबश्या वाजत असतात,
ताई, आलं काय?
न्हाई रं.
असूंदे. म्होरं तवंदी घाट हाय, ठेवतो.

कधीकधी वाटतं ते पैसे आले
तर तो फोन कशाला करेल.

काल एक पोरगं आलं, कागलचं,
मिसरूड फुटलेलं, हातात प्लास्टिकची फाईल.
विचारलं, खरंच मिळतंय का अनुदान?
म्हटलं, मिळतं असं धरून चालू नको.
माणसं धर. दोन. पगारदार.
मग अर्ज कशाला भरायचा म्हणतो.

मी पेनाचं टोपण काढलं.
नाव सांग.
आडनाव आधी.