पासंग

टॉमिंटूल गावाच्या वेशीवर रस्त्याला फाटक आहे,
रेल्वेचं असतं तसंच, पण बर्फासाठी.
मंगळवारी दुपारी ते माझ्या गाडीच्या नाकासमोर बंद झालं.
पिवळ्या जाकिटातला माणूस काचेवर टकटक करून म्हणाला,
"आज नाही. मला विचाराल तर उद्याही नाही."
घोडं अडलं ते असं.

मी वजनकाटे तपासतो. डिस्टिलऱ्यांतले, बहुतेक.
डिकीत माझी पेटी असते :
वीस किलोपासून एका ग्रॅमपर्यंतची वजनं,
मखमली खोबणीत, सोवळ्यातल्या देवांसारखी,
उघड्या हाताने शिवायची नाहीत.

इशबेलबाईंच्या घरी वरची खोली मिळाली.
खाली आणखी तिघे अडकलेले :
मेंढ्यांचा डॉक्टर रॉडरिक,
आणि ॲबरडीनला निघालेलं एक जोडपं,
जे मीठ मागतानासुद्धा तिसऱ्याच माणसाकडे बघायचं.
पहिला दिवस सगळे फोनकडे बघत होतो.
दुसऱ्या दिवशी वीज गेली,
मग एकमेकांकडे बघणं भाग पडलं.

"तू वजनवाला ना," रॉडरिक म्हणाला, "तर मग बर्फ तोल."
बाईंनी फळीवरून पितळी तराजू काढला, दोन पारड्यांचा,
केक करणं सोडल्यापासून न हललेला.
रिकामाच उजवीकडे कलत होता.
मी डाव्या पारड्याखाली दहा ग्रॅमचं वजन
लोकरीच्या धाग्याने बांधलं.

बाबा सांगलीला, हळदीच्या पेठेत तोलार होते.
म्हणायचे, रिकामी पारडी कधीच सारखी नसतात,
आधी पासंग बांध, मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघ.
मोजताना "एक" म्हणायचे नाहीत. पहिलं पोतं : लाभ.
मग दोन, तीन.
त्यांच्या बाराव्याला मी स्पे नदीकाठी
चौथ्या दशांशापर्यंत बरोबर होतो.

दहा लिटरची बादली शिगोशीग भरून आणली :
किलोला चाळीस ग्रॅम कमी.
"इतकंच?" ती ॲबरडीनवाली म्हणाली. "इतक्याने अडकलो आपण?"
वरच्या वाशांनी करकरून उत्तर दिलं.

मग काय, घरातलं जे हाताला लागेल ते पारड्यात.
रॉडरिकचा पाइप. मेणबत्तीचं थोटूक. कुत्र्याचा पट्टा, कुत्र्याविना.
तिने बोटातली अंगठी काढून ठेवली,
काटा हलला न हलला.
पासंगालाही पुरली नाही.
ती हसली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तोही,
आणि अंगठी बराच वेळ तिथेच राहिली.
शेवटी इशबेलबाई आतून स्वेटर घेऊन आल्या,
निळा, सुयांसकट : चारशे बारा ग्रॅम.
"एक बाही राहिलीय," म्हणाल्या.
कोणाचा ते कोणी विचारलं नाही.
माझी वजनं त्या रात्री सगळ्यांनी उघड्या हातांनी हाताळली,
मीही.

पहाटे तीनला बर्फ कापणारा ट्रॅक्टर गेला.
त्याचा पिवळा दिवा छतावरून फिरत गेला भिंतीवर,
भिंतीवरून माझ्या पांघरुणावर.
लाभ, मी म्हणालो.
परत येईपर्यंत जागा राहिलो.
दोन.
तिसऱ्यांदा तो आला की मी मोजता मोजता झोपलो, माहीत नाही.

शुक्रवारी फाटक उघडलं.
रस्ता म्हणजे दोन भिंतींतली बोळ,
वर आभाळाची चिंधी.
कॉकब्रिजच्या उतारावर एकदम आठवलं :
पेटीत दहा ग्रॅमची खोबण रिकामी आहे.

गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती.
होती, खरं तर, एक होती.

ऑफिसात फॉर्म भरावा लागला.
"वजन कुठे हरवले?" या रकान्यात
मी "प्रवासात" असं लिहिलं.
बाईंचा तराजू आता बरोबर असेल,
त्यांनी धागा सोडला नसेल तर.