पान सत्तेचाळीस

गंगापूर रोडच्या आमच्या बी.एड.च्या वर्गात वही एकच.
दोनशे पानी, लांबट, किराणावाले उधारीला ठेवतात तसली.
वाघचौरे सर म्हणाले, अध्ययनाच्या उपपत्ती
तुम्हीच लिहा, तुम्हीच खोडा,
मालक कुणी नाही.
फक्त शाई आपापली ठेवा.

ऋजुताची लाल. सोपानची हिरवी, तीही गळकी.
मला निळी मिळाली, म्हणजे उरलेली.

घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते, इथवर
तिघांनी सुबक लिहिलं होतं.
मग कुणीतरी मचाणाची आकृती काढली:
भिंत उभी राहिली की बांबू सोडवून घ्यायचे.
समासात सोपान: आमच्या गल्लीत सोडत नाहीत,
त्यावर कपडे वाळतात.

माझ्या वाट्याला मूक काळ.
दुसरी भाषा शिकणारं मूल आधी बरेच दिवस
बोलत नाही, ऐकतं.
एवढं उतरवलं, आणि पेन पुढे सरकेना.

सरावपाठ सातपूरला, मनपाच्या शाळेत.
भिंतीपलीकडचं प्रेसमशीन दर चार सेकंदांनी
धप्प करायचं, पोरं त्या तालावर पाढे म्हणायची.
तिसऱ्या बाकावर सुगंती. बाप सिवानचा,
अंबडला नटबोल्टच्या कारखान्यात.
द्राक्षांच्या छाटण्या उरकल्या,
सकाळच्या पाळीतले लोक कानटोप्या घालायला लागले,
तिनं तोंड उघडलं नाही.
माझ्या टाचणवहीत तिच्या नावापुढे
'प्रतिसाद नाही', चौदा वेळा.

आणि एका दुपारी, मधल्या सुट्टीनंतर,
हातसुद्धा वर न करता:
'मॅडम, कावळा माझा भाकरी खाल्ला.'

अख्खं वाक्य. रिकामा डबा पुढे धरून.

मी हसले नाही. कुठल्या तोंडानं हसणार?
मी ताहाराबादची. पहिल्याच पाठाला
'फयाकडे बघा' म्हणाले होते
आणि चाळीस पोरं बाकांखाली लोळली होती.
रात्री होस्टेलच्या मोरीत नळ सोडून
ळ, ळ, ळ करायचे,
दात पडल्यावर जीभ खड्डा चाचपते ना, तशी
टाळूवर शोधत बसायचे ती जागा.
पहिलं सत्र मीही गप्पच होते.
सगळ्यांना वाटलं, शिष्ट आहे.

तर ते वाक्य मी वहीत लिहिलं, जसंच्या तसं.
खाली: बघा, काय काय आलंय तिला.
कर्ता आला, कर्म आलं, भूतकाळ आला,
तक्रार आली.
'ने' यायचाय अजून. तिच्या घरी तो नसतोच,
लांबून चालत यावं लागतं त्याला.

सोमवारी वही फिरून आली तर लाल शाईत:
'कावळ्याने माझी भाकरी खाल्ली.'
शुद्ध. नेटकं.
त्यात ना डबा होता, ना सुगंती.

ऋजुताला तरी काय बोलणार.
तिला वाटलं, ती माझीच चूक आहे.
हे मात्र लागलं.

मी लाल खोडलं. तिनं निळं. पुन्हा मी.
कागद तिथे इतका विरला
की मागच्या पानावरचा कुत्रा दिसायला लागला.

सर म्हणाले, दोन्ही ठेवा, मध्ये बाण काढा.
बाणाचं टोक कुणीकडे, ते सांगितलं नाही.

त्या रात्री वही माझ्याकडे होती.
बाण काढलाच नाही.
दोन्ही वाक्यांखाली तिसरं लिहिलं, निळ्यात,
आईला फोनवर सांगावं तसं:
'मनी भाकर कावयानी खाई टाकी.'
लिहून झाल्यावर हात थोडा कापत होता,
थंडीही होती म्हणा.

सकाळी वही ऋजुताकडे गेली.
दुपारी आली. एक अक्षर खोडलेलं नव्हतं.
फक्त समासात, लाल नव्हे, पेन्सिलीनं, बारीक:
'हे मोठ्यानं वाचून दाखवशील?'